इमारती वाढल्या, राहणारे वाढले का?

नवराबायको दोघंही नोकरी करणारे, बँकेकडून कर्ज मंजूर झालेलं, असं एखादं तरुण जोडपं नाशिकमध्ये घर शोधायला निघालं की दलाल त्यांना पाथर्डी फाट्याच्या पुढे नेतो. तिथे नाही पटलं तर आडगावच्या शिवारात, नाहीतर म्हसरूळच्या मागे. कॉलेज रोड, पंडित कॉलनी, तिडके कॉलनी, महात्मानगर ही शहराच्या मध्यातली नावं त्यांच्यापुढे ठेवलीच जात नाहीत. खरं तर याच भागांत गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त तोडफोड आणि उभारणी चालू आहे. बंगला गेला, सात मजले आले. जुनं अपार्टमेंट गेलं, दहा मजले आले. इतकं बांधकाम होऊनही शहराच्या मध्यात साध्या कमाईच्या माणसाला घर मिळत नाही.

या प्रश्नावर नाशिकमध्ये दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, आणखी एफएसआय द्या, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या जितक्या पट बांधता येतं ती मर्यादा वाढवा, घरं आपोआप स्वस्त होतील. दुसरा म्हणतो, आता बस, आमच्या कॉलनीत आणखी गर्दी नको. मला दोन्ही पटत नाहीत. शहराच्या जुन्या, वसलेल्या भागांत आजच्यापेक्षा जास्त माणसं राहायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. पण आज एकेका प्लॉटवर जो मजल्यांचा खेळ चालला आहे त्यातून बांधकाम वाढतं, माणसं फारशी वाढत नाहीत, आणि गल्लीच्या वाट्याला सोय म्हणून काहीच येत नाही. एफएसआय किती द्यायचा याची मोजणी प्लॉटवर न थांबता गल्लीपर्यंत गेली पाहिजे, आणि परवानगी देताना तिथे कोण राहणार हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आधी विस्ताराकडे पाहू. १९८२ साली महापालिका झाली तेव्हा आसपासची गावं आत घेऊन शहराची हद्द सुमारे २६० चौरस किलोमीटर झाली. २०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे सरासरी एका चौरस किलोमीटरमागे साधारण ५,७०० माणसं. मुंबईत त्याच वेळी हा आकडा वीस हजारांच्या पुढे होता. त्यानंतर जनगणना झालेली नाही आणि लोकसंख्या नक्कीच वाढली आहे. तरीही नाशिक हे पसरलेलं, विरळ शहर आहे. आपल्याला ते भरल्यासारखं वाटतं, कारण आपण सगळे दिवसाच्या ठरावीक वेळी त्याच पाच ठिकाणी जाऊन अडकतो. अशोकस्तंभ, रविवार कारंजा, शालिमार, मुंबई नाका, द्वारका. कामं, दवाखाने, कॉलेजं, बाजार मध्यात. झोपायची घरं कडेला. गर्दीचं मूळ या अंतरात आहे.

हे अंतर शेतीलाही महाग पडतं. मखमलाबाद, मातोरी, आडगाव, म्हसरूळ या पट्ट्यात गंगापूर धरणाचा कालवा फिरलेला आहे. द्राक्ष आणि भाजीपाला पिकवणारी ही जमीन आहे. तिथली एकरी किंमत बिल्डरने ठरवायला सुरुवात केली की शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीला बागेची छाटणी करण्यापेक्षा सातबारा विकणं सोपं वाटतं, आणि त्याला दोष देता येत नाही. स्मार्ट सिटीच्या हरित क्षेत्र विकासासाठी मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात शेकडो एकरांची नगररचना योजना आली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला. त्या विरोधामागे भीती होती तशी शहाणीवही होती. मधलं शहर रिकामं आणि अर्धवट ठेवून बागांवर शहर का वसवायचं?

पाण्याचा मुद्दा इथेच मोकळा करतो, कारण प्रत्येक सभेत तो पहिला निघतो. माणूस पंडित कॉलनीत राहिला काय आणि आडगावात राहिला काय, त्याला पाणी गंगापूर, दारणा किंवा मुकणे धरणातूनच लागणार. मराठवाड्याशी समन्यायी वाटपाचा कायदा २००५पासून आहे, जायकवाडीतला साठा ठरलेल्या पातळीखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं, आणि त्यात कॉलनी आणि शिवार असा भेद नसतो. फरक पडतो तो जलवाहिनीच्या लांबीत. वस्ती जितकी पसरेल तितक्या वाहिन्या लांबणार, तितकी गळती, तितका पंपांचा खर्च. मध्यात जास्त माणसं राहिल्याने धरणातलं पाणी कमी पडत नाही. कमी पडते ती गल्लीतली जुनी चार इंची वाहिनी. ती बदलता येते.

बससाठीही हेच खरं आहे. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक धावते आहे. सकाळच्या वेळी कॉलेज रोडची बस भरून जाते आणि कडेच्या वसाहतीची बस शेवटच्या चार थांब्यांसाठी जवळपास रिकामी धावते. तोटा महापालिकेच्या माथी येतो आणि मग फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की लोक दुचाकी घेतात. त्याच वर्षी केंद्राच्या अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. त्या मेट्रोचा एक खांबही उभा राहिला नाही. उभी राहिली असती तरी तिला प्रवासी कुठून मिळणार होते? स्थानकापासून चालत पोहोचता येईल एवढ्या अंतरात पुरेशी माणसं राहत असतील तरच अशी गाडी चालते.

म्हणून मध्यात माणसं हवीत. आता मध्यात प्रत्यक्षात काय होतंय ते पाहू. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या मधल्या बहुतेक कॉलन्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत मळ्यांवर पडल्या. येवलेकर मळा, विसे मळा ही नावं अजून ते सांगतात. लेआउट पाडताना आतले रस्ते ६ मीटर, कुठे ७.५ मीटर ठेवले गेले. तेव्हा एका प्लॉटवर एक बंगला, एक स्कूटर असा हिशेब होता. पुढे टीडीआर आला, म्हणजे आरक्षणात दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्या प्लॉटवर वापरता येणारा बांधकामाचा हक्क, आणि नियम असा झाला की ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येणार नाही. नाशिकमध्ये त्यावर मोठा गहजब झाला. त्याच सुमारास कपाट प्रकरणही पेटलेलं होतं. नकाशात दाखवलेल्या कपाटांच्या जागा खोल्यांत जोडल्या गेल्या होत्या, चटईक्षेत्र मर्यादेबाहेर गेलं होतं आणि मोठ्या संख्येने इमारती पूर्णत्वाच्या दाखल्याविना अडकल्या होत्या. महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली ६ आणि ७.५ मीटरच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी जागा सोडून ९ मीटर करायचं, असा मार्ग काढण्यात आला.

हा मार्ग कागदावर चांगला दिसतो. प्रत्यक्षात पुनर्विकास होतो त्या एका प्लॉटपुढे दीड मीटर जागा सुटते. शेजारचा बंगला जुनाच असतो, त्याची भिंत पुढेच राहते. पुढच्या प्लॉटवर पुन्हा दीड मीटर आत. गाडी चालवणाऱ्याला, रुग्णवाहिकेला, अग्निशमन बंबाला तो रस्ता ९ मीटर कधीच मिळत नाही. त्याला मिळते दातेरी कड असलेली तीच ६ मीटरची गल्ली. सुटलेल्या दीड मीटरमध्ये चारचाक्या लागतात. परवानगी मात्र ९ मीटरची असते.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांतच समजतं. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग वगळता राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. कॉलनी भागात पायाभूत एफएसआय १.१ आहे. रस्ता ९ मीटर झाला की त्यावर प्रीमियम म्हणजे शुल्क भरून मिळणारा ०.५ आणि टीडीआरचा ०.४ एफएसआय चढतो, एकूण २. शिवाय निवासी बांधकामाला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र (जिना, बाल्कनी वगैरेंसाठीचं) प्रीमियम भरून मिळतं. ५०० चौरस मीटरचा प्लॉट धरा. अरुंद रस्त्यावर तिथे फार तर ८८० चौरस मीटर बांधता येतात, ९ मीटरवर १,६००. म्हणजे कागदावरच्या रस्तारुंदीने बांधकाम जवळपास दुप्पट होतं. गल्लीतलं ड्रेनेज, वीज आणि पाणी तेवढंच राहतं.

आता या १,६०० चौरस मीटरमध्ये काय बांधलं जातं? ६० ते ६५ चौरस मीटरची घरं काढली तर जिना-पॅसेज धरून पंचवीसच्या आसपास कुटुंबं राहतील. आज मात्र बिल्डर तिथे दोनशे-दोनशे चौरस मीटरचे आठ फ्लॅट काढतो, एका मजल्यावर एक किंवा दोन. जाहिरातीत तीच मोठेपणाची खूण असते. त्या आठांपैकी एक-दोन परदेशातल्या मुलांच्या नावावर असतात, एक गुंतवणूक म्हणून घेतलेला असतो. संध्याकाळी या नव्या इमारतींकडे मान वर करून पाहिलं की किती खिडक्यांत दिवे आहेत ते कळतं. पूर्वी त्या बंगल्यात आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांची मुलं आणि मागच्या खोलीत भाड्याने राहणारे दोन विद्यार्थी असायचे. आठ फ्लॅटचं बांधकाम कितीतरी पटींनी मोठं झालं, माणसं मात्र दुप्पटही झाली नसतील. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली होती. अशा घरांना आपण विकास म्हणतो आणि त्याच वेळी सामान्य माणसाला पाथर्डी फाट्याच्या पुढे पाठवतो.

परवडणाऱ्या घरांचा नियम आहे, पण तो इथे लागूच होत नाही. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के घरं किंवा भूखंड अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावे लागतात. नाशिकमध्ये ही मर्यादा चुकवण्यासाठी मोठ्या जमिनींचे तुकडे केल्याचे आरोप झाले आणि २०२२ मध्ये तो विषय विधिमंडळात गाजला. तो मुद्दा गंभीर आहेच. पण त्याहून मूळ गोष्ट अशी की मध्य नाशिकातला प्लॉट ४,००० चौरस मीटरचा असतोच कुठे? ४००, ५००, फार तर १,००० मीटर. म्हणजे नियमाच्या रचनेतच गरिबाचं घर शहराच्या कडेला ठरवून टाकलं आहे. ज्या बाईला सकाळी सात वाजता महात्मानगरातल्या तीन घरांची धुणीभांडी करायची आहेत, ज्या मुलाला सीबीएस बसस्थानकाजवळच्या दुकानात रात्री नऊपर्यंत थांबायचं आहे, त्यांना रोज दोन बस बदलायला लावणारा हा नियम आहे.

टीडीआरचा आणखी एक दोष फारसा बोलला जात नाही. कडेच्या गावात बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण असतं, जमीनमालक ती जागा महापालिकेला देतो, बदल्यात टीडीआर मिळतो. तो टीडीआर भाव जास्त असलेल्या कॉलनीत येऊन चढतो. बाग तिकडे झाली, मजले इकडे आले. इकडच्या मुलांना खेळायला आधी जी १० टक्के मोकळी जागा होती तेवढीच राहते. तीही बहुतेक ठिकाणी एका मंदिराने आणि एका अभ्यासिकेने अर्धी घेतलेली असते.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. कॉलनी भागात प्रीमियम आणि टीडीआर वापरायचा असेल तर त्या वाढीव क्षेत्रातली किमान निम्मी घरं ६० चौरस मीटरच्या आत हवीत, अशी अट घालता येते. एका रस्त्यावरच्या ठरावीक भागातल्या मालकांनी जागा सोडून, प्रत्यक्षात भिंती मागे घेऊन रस्ता रुंद केल्यावरच तिथे जास्त एफएसआय द्यायचा, त्याआधी एकेकट्या प्लॉटला नाही, असं ठरवता येतं. त्या गल्लीतून जमा झालेल्या प्रीमियममधला महापालिकेचा वाटा आधी त्याच प्रभागाच्या ड्रेनेजवर, जलवाहिनीवर, पदपथावर खर्च झाला पाहिजे आणि त्याचा हिशेब तिथल्या फलकावर लागला पाहिजे. बिल्डर संघटना म्हणतील की छोटी घरं परवडत नाहीत. चौरस मीटरमागे छोट्या घराला भाव कमी मिळत नाही; उलट बऱ्याचदा जास्तच मिळतो. अडचण पार्किंगची आहे, कारण घर वाढलं की गाडी वाढते असं नियमात गृहीत धरलेलं आहे. बसथांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरातल्या छोट्या घरांसाठी पार्किंगची अट सैल करावी. गाडी नसलेला माणूस मध्यात राहणार असेल तर त्याच्यासाठी तळघर खणायची सक्ती का?

कॉलनीतल्या जुन्या रहिवाशांशी मला मोकळेपणाने बोलायचं आहे, कारण मी त्यांच्यातलाच आहे. सावली जाईल, झाडं जातील, चेंबर तुंबेल, ही त्यांची तक्रार खरी आहे. शेजारच्या दहाव्या मजल्यावरून आपल्या अंगणात पाहिलं जाणं कुणालाही आवडत नाही. पण सभांमध्ये या तक्रारींच्या आड दुसरंही काही बोललं जातं. "कोण कुठली माणसं येतील." "बॅचलर नकोत." कुणाला आडनाव विचारून घर नाकारलं जातं, कुणाला स्वयंपाकघरात काय शिजतं ते विचारून. हे नाशिकमध्ये होतं हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते चूक आहे. रस्ता अरुंद आहे म्हणून थांबा, असं म्हणणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहीन. आपल्यासारखे नसलेले लोक नकोत म्हणून थांबा, असं म्हणणाऱ्याच्या बाजूने नाही. सोसायटीच्या पुनर्विकासाला जुलै २०१९च्या शासन निर्णयाने ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली आहे. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय अडकलेल्या वृद्धांसाठी ती सोय चांगलीच आहे. त्या बैठकीत बिल्डरकडून कॉर्पस निधी किती आणि वाढीव कार्पेट क्षेत्र किती यावर रात्री अकरापर्यंत चर्चा होते; आपल्या इमारतीत आणखी किती कुटुंबं येऊ शकतील आणि त्यांना परवडेल का, यावर पाच मिनिटंही नाही.

सिडकोच्या वसाहतीकडे, म्हणजे नवीन नाशिककडे पाहिलं तर सरकारने धोरण केलं नाही तरी माणसं जागा करून घेतात हे दिसतं. तिथल्या सहा योजनांतली ती छोटी घरं कामगारांसाठी होती, अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत जाणाऱ्यांसाठी. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, तर घर वर गेलं. बाहेरून लोखंडी जिना, वर एक खोली, तिच्यावर आणखी एक, खाली किराणा दुकान, वर भाडेकरू. ही वस्ती दाट आहे, जिवंत आहे, आणि स्वस्त भाड्याची घरं तिथे मिळतात. पण बहुतांश वाढीव बांधकाम नियमाबाहेर आहे, भिंतीला भिंत लागलेली, आग लागली तर गल्लीत बंब शिरत नाही. या लोकांना पाडापाडीची नोटीस देण्याऐवजी त्यांनी जे केलं ते सुरक्षितपणे कसं करता येईल याचा साधा नमुना नकाशा, पायाची तपासणी आणि स्वस्त परवानगी द्यायला हवी.

आणि आता जुनं नाशिक. इथे प्रश्न उलटा आहे. कॉलेज रोडला बांधकाम वाढतं आहे; गावठाणात माणसं राहतात ते छप्परच पडतं आहे.

भद्रकाली, जोगवाडा, तिवंधा, नाव दरवाजा, तांबट लेन, काझीपुरा, नदीपलीकडे पंचवटी. टेकड्यांच्या चढउतारावर वसलेल्या या गल्ल्या नाशिकमध्ये सगळ्यात जुन्या. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलियांनी इथल्या गढीवर उत्खनन केलं तेव्हा वस्ती दोन हजार वर्षांहून मागे जाते हे दिसलं. नंतरच्या काळातले सागवानी खांबांचे, चौकाचे वाडे इथे होते; काही अजून आहेत. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि जवळपास दर पावसाळ्यात कुठला ना कुठला वाडा बसतो. काही वेळा माणसं जातात. मग दोन दिवस बातम्या येतात आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा नोटिसा निघतात.

वाडा दुरुस्त का होत नाही याचं कारण सगळ्या गावठाणाला ठाऊक आहे. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव, वारस अठरा, त्यातले पाच पुण्यात, तीन अमेरिकेत. आत तीन-चार पिढ्यांचे भाडेकरू, भाडं महिन्याला नाममात्र. त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि वाडा पडला तर जागा मोकळी होईल असा विचार तो करत असतो, तोंडाने म्हणो न म्हणो. भाडेकरू घर सोडत नाही, कारण एकदा बाहेर पडला की परत येता येईल याची खात्री त्याला कुणी देत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९मध्ये पुन्हा जागा मिळण्याची तरतूद आहे, पण कोर्टात वीस वर्षं घालवायची ताकद कुणाकडे आहे? म्हणून मालक आणि भाडेकरू दोघंही झुकलेल्या भिंतीखाली वाट पाहत राहतात. हा प्रश्न वास्तुवारशाचा किंवा एफएसआयचा होण्याआधी विश्वासाचा आहे, आणि विश्वास कायदेशीर कागदावर लिहून द्यावा लागतो.

गावठाणासाठी क्लस्टर पुनर्विकासाची चर्चा नाशिकमध्ये अनेक वर्षं चालली आहे. एकेकट्या चाळीस-पन्नास मीटरच्या जागेवर काहीच होऊ शकत नाही, म्हणून जागा एकत्र कराव्यात, हे तत्त्व बरोबर आहे. मुंबईत भेंडीबाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या न्यासाने साडेसोळा एकरांवर असा प्रयोग हाती घेतला. मूळ रहिवाशांना त्याच जागी घर देण्याची हमी हा त्याचा पाया आहे. पण तिथला न्यास, तिथला भाव आणि तिथले उंच मनोरे नाशिकच्या गावठाणात आणता येणार नाहीत. इथे चार एफएसआयचे वीस मजले भद्रकालीत उभे राहिले तर खालच्या गल्लीत काय राहील? सराफ बाजाराखालून सरस्वती नाला बुजवून नेलेला आहे, आणि जोराचा पाऊस झाला की दहीपुलापासून दुकानांत पाणी शिरतं. त्या नाल्यावर आणखी हजारो घरांचं सांडपाणी टाकलं तर ते रामकुंडाच्या दिशेने जाईल.

गावठाणात क्लस्टर छोटे हवेत. एका चौकाभोवतीचे आठ-दहा वाडे, चार किंवा पाच मजले, आत चौक, खाली दुकानं. पूर्वीच्या वाड्याची जी रचना होती तीच, मजबूत काँक्रीटमध्ये. तांबट लेनमध्ये खाली ठोकण्याची जागा आणि वर राहण्याची, ही सांगड मोडली तर तो धंदा तिथून उठेल, आणि अंबडच्या गाळ्यात तो पुन्हा उभा राहणार नाही. चौक राखायला हवेत, कारण त्यांतल्या काहींच्या पोटात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद आहेत. रंगपंचमीला तिवंध्याची, शनी चौकातली रहाड उघडते आणि अख्खी गल्ली रंगाच्या पाण्यात उतरते. पेशवाईपासून चालत आलेली ती पद्धत टिकली, कारण गल्लीत राहणारी माणसं टिकली. नकाशावर रहाडीची जागा दाखवून, तिथे पाया खणायचा नाही असं लिहून ठेवावं लागेल. आर्किटेक्टला ते आपोआप कळणार नाही.

काही ठिकाणी मात्र घरं वाढवायची नाहीत, कमी करायची आहेत. गोदाकाठी. २००८च्या सप्टेंबरातला पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगावं लागत नाही. त्यानंतर निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, एक पंचवीस वर्षांतून येणाऱ्या पुराची आणि दुसरी शंभर वर्षांतून येणाऱ्या पुराची. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की आजही जुनं नाशिक सामान वर चढवायला लागतं. काझीगढीवरची घरं तर नदीकडे ढासळणाऱ्या मातीवर उभी आहेत. या लोकांना दरवर्षी पावसाळ्यापुरतं मनपाच्या शाळेत हलवतात आणि पाऊस ओसरला की परत पाठवतात. पूररेषेत आणि गढीवर राहणाऱ्यांना गावठाणातल्या क्लस्टरमधल्या नव्या घरांवर पहिला हक्क असला पाहिजे, पंधरा मिनिटांच्या चालण्याच्या अंतरात. त्यांना शहराबाहेरच्या घरकुलात नेलं तर ते परत येतील, कारण त्यांची भाजीची हातगाडी, त्यांची गिऱ्हाईकं आणि मुलांची शाळा इथे आहे.

हे सगळं ठरवणार कोण? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे शहर प्रशासकांच्या हाती राहिलं. एवढ्या काळात किती परवानग्या निघाल्या, किती टीडीआर चढला, कुणी सभागृहात विचारायला नव्हतं. नियमावली जवळपास राज्यभर एकच असल्याने नाशिकच्या गल्लीसाठी वेगळा विचार करायची सवयही महापालिकेच्या नगररचना विभागाला राहिलेली नाही. पण नियमावलीच्या आत राहूनही प्रभागनिहाय आराखडा करता येतो: या गल्लीत वाहिनीची क्षमता किती, रस्ता प्रत्यक्ष किती मीटर, आणखी किती घरं बसतील. हा आराखडा संकेतस्थळावर टाकला तर घर घेणाऱ्यालाही कळेल आणि विरोध करणाऱ्यालाही.

२०२७च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि वाहिन्यांच्या कामांवर मोठा निधी येतो आहे. २००३च्या कुंभात सरदार चौकाच्या अरुंद वाटेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, तेव्हापासून पंचवटी आणि गावठाणातल्या रुंदीची चर्चा फक्त पर्वणीच्या गर्दीपुरती होते. रस्ता खणलेला असताना खाली घालायची मलवाहिनी आणि जलवाहिनी पुढच्या तीस वर्षांतल्या वाढलेल्या वस्तीच्या हिशेबाने घालावी. आज आहे त्या व्यासाची घालून वर काँक्रीट ओतलं तर पुढची वीस वर्षं तो रस्ता कुणी फोडू देणार नाही, आणि मग क्षमता नाही म्हणून गावठाणातली घरं नाकारली जातील. त्याच्या जोडीला एक काम पैशांशिवाय होऊ शकतं. धोकादायक वाड्यांना नोटीस देणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच फेरीत आतल्या प्रत्येक भाडेकरूचं नाव, कुटुंबातली माणसं, राहती जागा चौरस मीटरमध्ये आणि भाड्याची पावती यांची नोंद करावी, मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि ती यादी प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. उद्या वाडा पडला किंवा क्लस्टर आलं तर हक्क कुणाचा हे त्या यादीवरून ठरेल.